साठ दिवसांचं सिलेंडर

नवं राज्य उभं राहतं ते त्यागावर. जगात जी राज्यं टिकली, ती प्रजेनं पोटाला चिमटा घेतला म्हणूनच टिकली, आणि छत्तीसगढ त्याला अपवाद असणार नाही. तेव्हा आजपासून या घरात उधळपट्टी बंद. असं नरहरी पिंपळापुरे यांनी २००२ च्या फेब्रुवारीत, महिन्याच्या शेवटच्या दिवशी, रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या आपल्या घराच्या मधल्या खोलीत उभं राहून जाहीर केलं. त्या वेळी त्यांच्या पायात बायकोच्या चपला होत्या. स्वतःच्या चपलेचा अंगठा तुटून तीन आठवडे झाले होते, आणि राजधानी झाल्यापासून मोच्यानं अंगठ्याचे दोन रुपये वाढवले होते. ते नरहरींना तत्त्वतः मान्य नव्हतं.

श्रोते दोनच होते. शांताबाई मेथी निवडत होत्या. मुलगी निधी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाचा अभ्यास करत होती.

"बाबा, उलटी पहनी है," निधी मान वर न करता म्हणाली. तिला मराठी सगळं समजायचं. उत्तर मात्र हिंदीतच यायचं.

नरहरींनी चपला सुलट केल्या आणि मुद्दे पुढे मांडले.

नरहरींचं म्हणणं अगदीच पोकळ होतं असं नाही. राजधानी झाल्यापासून कॉलोनीतली भाडी दुप्पट झाली होती. भोपाळहून बदलून आलेल्या अधिकाऱ्यांनी बंगले घेतले होते, आणि भाजीवाली भाव सांगण्याआधी विचारू लागली होती, "सरकारी हव के प्राइवेट?" नरहरी तिसऱ्याच वर्गातले होते. रेल्वेच्या मालधक्क्यावर चौतीस वर्षं कारकुनी करून ते निवृत्त झाले होते. आलेला माल काट्यावर चढवायचा, पावतीशी ताडून पाहायचा, कमी भरला तर शेरा मारायचा, हे त्यांचं आयुष्य. आता माल येत नव्हता. काटा मात्र डोक्यात तसाच होता.

शांताबाई या घरात तीस वर्षं काटकसरच करत आल्या होत्या. दुधाची पिशवी विसळून ते पाणी कढीत जायचं, दोडक्याच्या शिरांची चटणी व्हायची, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या व्हायच्या. पण हे त्यांनी कधी उभं राहून जाहीर केलं नव्हतं, त्यामुळे त्याची कुठे नोंद नव्हती.

"मले एक सांगा," मेथीची जुडी संपवून त्या म्हणाल्या. "कूलर उधळपट्टीत येते का काटकसरीत?"

कूलरचा प्रश्न जुना होता. स्वयंपाकघर पश्चिमेला. मागच्या मे महिन्यात तिथेच, पोळ्या लाटता लाटता, शांताबाईंना ऊन लागलं होतं. दोन दिवस सलाईन लावून पडल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पुढच्या उन्हाळ्यात ही खोली थंड पाहिजे, दुसऱ्यांदा लागलं तर गंमत नाही. नरहरी तेव्हा लगेच हो म्हणाले होते. मग पाऊस आला, आणि हो वाहून गेलं.

नरहरींनी विचार केला. नाही म्हणणं बरं दिसत नव्हतं, आणि हो म्हणणं आताच जाहीर केलेल्या धोरणाच्या विरुद्ध होतं. चौतीस वर्षांची सरकारी नोकरी अशा वेळी कामी येते. त्यांनी अट घातली.

"घरातली सगळ्यात मोठी गळती गॅसची. एक सिलेंडर अठ्ठावीस दिवस चालून राहिलं. उद्या नवं लागते. हे साठ दिवस चालव. एकोणतीस एप्रिलपर्यंत. एकसष्टाव्या दिवशी कूलर."

"लिहून देता?"

"रेल्वेच्या माणसाचा शब्द आहे."

"आई, इम्पॉसिबल है," निधी म्हणाली.

शांताबाईंनी मेथीची देठं गोळा केली. त्यांचंही काहीतरी व्हायचं होतं.

नरहरींनी तयारीत कसर ठेवली नाही. सरकारी योजनेतून सवलतीत सूर्यचूल आणली. पत्र्याची पेटी, झाकणाला आरसा, आत चार काळे डबे. ती गच्चीवर ठेवली. गुढियारीत नत्थूशेठचं धान्याचं गोदाम होतं, जुनी ओळख. त्यांच्याकडून गंजलेला लोखंडी काटा आणला. डाळ, भात, भाजी उन्हावर. गॅस फक्त पोळ्या, चहा आणि फोडणीला. दर रविवारी शेगडीचा पाइप काढून सिलेंडर काट्यावर चढायचं, निधी ते धरायची, नरहरी चष्मा पुसून वजन वाचायचे.

पहिला आठवडा कठीण गेला. दहाला उन्हात ठेवलेली डाळ एक वाजता कोमट व्हायची, एवढंच. नरहरी ती चावून खात.

"कच्ची आहे," शांताबाई म्हणत.

"कच्ची नाही. करकरीत आहे. पूर्वीचे लोक अशीच खात."

आठव्या दिवशी नरहरींच्या पोटात दुखलं. नवव्या दिवशी डाळ मऊसूत शिजली. त्यानंतर ती रोजच शिजू लागली.

नवव्या दिवशी सूर्यात काही बदल झाला नव्हता. झालं होतं ते शेजारी. पिंपळापुऱ्यांची गच्ची आणि लताची गच्ची यांच्यामध्ये गुडघ्याएवढा कठडा होता. लता शाळेत शिकवायची, साडेनऊला घर सोडायची आणि चारला परतायची. आल्यावर स्वयंपाक करायचा तिला मनापासून कंटाळा होता. तिचा नवरा धर्मपाल नव्या मंत्रालयात नोकरीला होता. तो भुकेलाच परतायचा. त्यांच्याकडे दोन सिलेंडरं होती. शांताबाईंनी एवढंच सुचवलं की किल्ली दे, तुझ्या गॅसवर दोन्ही घरांचं करून ठेवते. लतानं किल्लीच नव्हे, मसाल्याचा डबाही हवाली केला.

मग क्रम ठरला. दहा वाजता नरहरींच्या देखत काळे डबे सूर्यचुलीत जात. अकराला नरहरी पेपर घेऊन आडवे झाले की डबे कठडा ओलांडत. साडेबाराला शिजून परत येत. एक वाजता नरहरी डोक्याला गमछा बांधून वर चढत आणि स्वतःच्या हातानं झाकण उघडत. वाफ चष्म्यावर यायची.

"गॅसच्या डाळीले ही चव नाही," ते म्हणत. "हे किरणांचं काम आहे."

एप्रिलमध्ये एकदा आभाळ काळं झालं, गाराही पडल्या. डाळ त्या दिवशीही शिजली.

"ढग आपल्याले दिसतात," नरहरींनी समजावलं. "वर किरणं असतातच."

"और बैंगन भूने किसने?" निधीनं विचारलं. "किरणों ने?"

नरहरींनी भरीत वाढून घेतलं आणि अभ्यासाकडे लक्ष देण्याची सूचना केली.

आता कोणी म्हणेल की माणूस दर रविवारी वजन करत होता, त्याला शंका कशी आली नाही. पण त्यांची नोकरी लक्षात घ्यायला हवी. चौतीस वर्षांत त्यांनी मालाची तूट शोधली होती. साखरेचं पोतं दोन किलो कमी आलं तर ते भाटापारा स्टेशनापर्यंत पत्रं लिहीत. पण माल पाहिजे त्यापेक्षा जास्त भरला म्हणून चौकशी झाल्याचं एकही प्रकरण त्यांच्या धक्क्यावर घडलं नव्हतं. त्यासाठी फॉर्मच नव्हता. सिलेंडर दर रविवारी अपेक्षेपेक्षा जड निघत होतं. नरहरी शेरा मारत होते: 'समाधानकारक'.

तूट निघाली ती धर्मपालच्या घरी. एप्रिलच्या मध्यावर तो संध्याकाळी येऊन बसला.

"काका, तुम्ही यातले जाणकार. आमच्याकडे माणसं दोन, अन् सिलेंडर वीस दिवसांत संपून राहिलं. दुसरं लावलं आहे. आता नंबर लावला तर एजन्सीवाला तीन आठवडे म्हणते."

नरहरी लगेच उठले. बायकोच्या चपला घालून ते शेजारी गेले, लताची शेगडी वाकून पाहिली, पाइपला साबणाचं पाणी लावलं, बर्नर फुंकून पाहिले. लता दाराशी उभी होती. शांताबाई तिच्या मागे.

"गळती नाही," नरहरींनी निदान केलं. "ही सवयीची गोष्ट आहे. सूनबाई, डाळ किती वेळ ठेवता?"

"शिजेपर्यंत, काका."

"तेच. शिजेपर्यंत काहून ठेवायची? अर्धी शिजली की बंद. बाकीची आपल्या वाफेवर होते. काकूले विचारा. आमच्याकडे गॅस असून नसल्यासारखा आहे."

"हो, ते दिसूनच राहिलं," लता म्हणाली.

"स्वयंपाक मात्र सुधारला आहे हं तिचा," धर्मपाल प्रामाणिकपणे म्हणाला. "आजकाल वांग्याचं भरीत तर असं करते, मले माझ्या आईची आठवण येते."

शांताबाईंनी पदर तोंडाला लावला. ऊन होतं, घाम पुसला असेल.

एकोणतीस एप्रिल आला. काट्यावर सिलेंडर चढलं, आणि त्यात अजून निम्म्याच्या जवळपास गॅस होता. नरहरींनी चष्मा पुन्हा पुसून आकडा दुसऱ्यांदा वाचला. तीस तारखेला सकाळी शांताबाईंनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, "एकसष्टावा दिवस आहे."

"आहे ना," नरहरी म्हणाले. "तेच सांगणार होतो. आता थांबणं म्हणजे चालती गाडी आउटर सिग्नलला उभी करणं झालं. साठ होतात तर नव्वद होतात. नव्वदीले पाहू."

"अन् कूलर?"

"अगं, सगळीकडे बोलबाला झाला. उद्या एक मे. आपल्या मराठी मंडळात महाराष्ट्र दिन आहे. अध्यक्ष दत्तोपंतांनी माझंच भाषण ठेवलं आहे, 'काटकसर: एक साधना.' त्या माणसाच्या खिडकीत कूलर घरघरून राहिला, तर लोक काय म्हणतील? ओला टॉवेल लाव खिडकीले. तेच तत्त्व आहे."

स्वयंपाकघरात त्या वेळी सकाळचे आठ वाजले होते आणि भिंत कालच्या उन्हानं अजून हाताला गरम लागत होती. नवतपा, मे अखेरचे ते नऊ जळते दिवस, अजून यायचा होता.

"बरं," शांताबाई म्हणाल्या.

एक मेला आवाज मोकळा राहावा म्हणून नरहरींनी दुपारी फक्त ताक घेतलं. त्यामुळे ते गच्चीवर चढले नाहीत. शांताबाई कठडा ओलांडून गेल्या त्या लवकरच परतल्या, आणि रिकाम्या हातानं. त्यांनी निधीला समोर बसवून एक चिठ्ठी लिहून घेतली. मग कठड्यापाशी जाऊन लताला सांगितलं, "जे मागायचं ते तिथंच, सगळ्यांसमोर माग. एकांतात यांले ऐकू येत नाही. पण आधी त्यांले 'उद्या' म्हणू दे."

सभागृहात शंभर-सव्वाशे माणसं होती. अध्यक्षस्थानी दत्तोपंत, पुरानी बस्तीतले, भोसल्यांच्या काळात आलेल्या घराण्यातले. ते शब्द जपून वापरत आणि दुसऱ्याचेही जपून ठेवत. नरहरी पन्नास मिनिटं बोलले. सूर्यावर बोलले, किरणांवर बोलले, शेजारच्या एका सुशिक्षित घरात वीस दिवसांत सिलेंडर कसं संपतं त्यावरही, नाव न घेता, बोलले. धर्मपालनं खाली पाहिलं. टाळ्या झाल्या.

मंडळाच्या रिवाजाप्रमाणे प्रश्न चिठ्ठ्यांवर आले. दत्तोपंतांनी पहिलीच चिठ्ठी उघडली.

"'वक्त्यांनी साठ दिवस पूर्ण झाल्यावर घरी कूलर आणण्याचा शब्द दिला होता असे समजते. तो आणला काय?'"

अक्षर निधीचं होतं. वाक्य तिचं नव्हतं.

नरहरींनी पाण्याचा घोट घेतला. "त्याचं असं आहे, की साठ हा टप्पा झाला. साधनेत..."

"नरहरराव, शब्द दिला होता की नाही?"

"दिला होता."

"साठ दिवस झाले?"

"झाले."

"मग?"

सगळं सभागृह त्यांच्याकडे पाहत होतं. पहिल्या रांगेत शांताबाई छताच्या पंख्याकडे पाहत होत्या.

"उद्या येईल," नरहरी म्हणाले.

"इतिवृत्तात घ्या," दत्तोपंतांनी चिटणीसांना सांगितलं. "दोन मे, कूलर. स्वयंपाकघरात." टाळ्या पडल्या, आणि या खेपेला त्या आधीपेक्षा जास्त वेळ चालल्या. नरहरींनाही त्या आवडल्या. दिलेला शब्द पाळणारा माणूस, हेही काही वाईट नव्हतं. ते नमस्कार करून बसणार, एवढ्यात मागच्या रांगेतून लता उठली.

"अजून काही प्रश्न?" दत्तोपंतांनी विचारलं.

"प्रश्न नाही," लता म्हणाली. "काकांकडे थोडं काम होतं."

"बोल, बेटा," नरहरी औदार्यानं म्हणाले.

"काका, तुमचं सिलेंडर तेवढं नेऊ का? आमचं दुसरंही दुपारी संपलं, अन् तुमची डाळ अर्धी कच्ची राहून गेली."