जगजाहीर म्हणजे किती जणांना?

विद्यापीठातला संशोधक आक्सेल विंथर ते इतक्या सहज बोलून गेला की आपण काहीतरी चुकीचं ऐकलं, असंच बोदिलला वाटलं.

बोदिल क्रारुप विद्यापीठाच्या पेटंट विभागात होती. कुणी संशोधकाने नवं काही शोधलं की विद्यापीठाने त्याचं पेटंट घ्यायचं, की तो शोध ज्याचा त्याला देऊन टाकायचा, याची चौकशी तिच्याकडे यायची. आक्सेलचा शोध तिला मनापासून आवडला होता. घरं गरम ठेवणारं पाणी शहरभर जमिनीखालच्या पाइपांतून फिरतं. पाइप कुठे गळत असला, तर तळघरातल्या नळीला मायक्रोफोन लावायचा, पंपाची घरघर वजा करायची आणि मागे उरणाऱ्या बारीक सुसकाऱ्यावरून गळती ओळखायची. मीटर बनवणारी एक कंपनी चौकशीही करून गेली होती. बोदिलचा एकच नेहमीचा प्रश्न उरला होता. हे बाहेर कुणाला सांगितलंय का?

"छे, कुणालाच नाही. म्हणजे, सौनात बोललो असेन," आक्सेल म्हणाला.

तो हिवाळ्यात समुद्रात डुंबणाऱ्या मंडळींच्या क्लबात जायचा. गारठलेल्या पाण्यातून बाहेर आलं की तापलेल्या लाकडी खोलीत, म्हणजे सौनात, दाटीवाटीने बसायचं आणि गप्पा हाणायच्या, असा तिथला रिवाज. आता ती खोली म्हणजे जग का? बोदिल विचारात पडली. गुप्ततेचं बंधन नसलेल्या एकाच माणसाला सांगितलं तरी शोध जगजाहीर होतो आणि मग त्याचं पेटंट मिळत नाही, हे तिला पाठ होतं. पण ऐकणाऱ्याला त्यातून ती गोष्ट करता येईल इतकं कळायला हवं. उकाड्यात, डोळे मिटून बसलेल्या लोकांना कितीसं कळलं असणार?

ते कळायला एकच मार्ग होता. शनिवारी सकाळी ती आक्सेलबरोबर धक्क्यावरून पाण्यात उतरली, श्वास अडकल्यासारखा झाला तशी धडपडत वर आली आणि टॉवेल गुंडाळून सौनात शिरली.

तिने शेजारच्यांना एकेक करून विचारलं. एका निवृत्त दंतवैद्याला आक्सेल पाइपांबद्दल बोलला होता एवढंच आठवत होतं. एक मच्छीविक्रेता म्हणाला की आक्सेल बोलायला लागला की तो मनातल्या मनात फुटबॉलचा संघ निवडतो. सगळे हसले, आक्सेलही हसला. बोदिलला हायसं वाटलं.

"मला मात्र सगळं कळलं होतं," वरच्या बाकावरून आवाज आला. "मी घरी करूनही पाहिलं."

ती टोवे डॅम्सगोर होती. चर्चमधला उंच नळ्यांचा ऑर्गन वाजवण्यात तिची हयात गेली होती. नातवाचा मायक्रोफोन तिने तळघरात नळीला चिकटवला होता आणि सुसकारा तिला ऐकू आला होता. आक्सेलचा चेहरा पडला. शोध गेला, हे त्याला आणि बोदिलला एकाच वेळी कळलं.

"पण त्याच्या पद्धतीत एक खोट आहे," टोवे पुढे सांगू लागली. "गळतंय हे कळतं, कुठे ते नाही कळत. म्हणून मी व्हॉल्व्ह हळूहळू बंद करत गेले, तेव्हा तो सूर—"

"टोवे, थांबा," बोदिल म्हणाली. "इथे पुढे एक शब्दही बोलू नका."

दंतवैद्याने डोळे उघडले.

"का गं? मी काय गुन्हा केला?"

"गुन्हा नाही. तुम्ही बहुधा काहीतरी नवं शोधलंय, आणि इथे मी धरून सहा जण ऐकतायत."

टोवेला बाहेर धक्क्यावर नेऊन, अंगाभोवती दोन टॉवेल लपेटून, बोदिलने आधी हे गुप्त राहील असं ठरवून घेतलं आणि मग उरलेलं ऐकलं. व्हॉल्व्ह बंद होताना सुसकाऱ्याचा सूर चढतो, आणि गळती जितकी जवळ तितका तो जास्त चढतो. आयुष्यभर नळ्यांचे सूर जुळवलेल्या कानाला ते लगेच जाणवलं होतं. त्यावरून अंतर धरून तिने तळघराच्या झरोक्यापासून मोजून अंगणात रुबार्बच्या वाफ्याशेजारी खणायला सांगितलं, आणि गळती तिथेच निघाली.

"खणणाऱ्याला तुम्ही हे सांगितलंत?"

"त्याला म्हटलं, इथे खण. त्याला वाटलं मला भुताखेतांचं काहीतरी कळतं. मी तसंच वाटू दिलं."

पुढचे काही आठवडे बोदिलने दोन गोष्टी वेगळ्या करण्यात घालवले. आक्सेलची मूळ पद्धत सौनात वाहून गेली होती. तिने तसं साफ लिहिलं. आक्सेलने एकदा सुचवून पाहिलं, की ऑर्गनवालीने गप्प राहायचं ठरवलं तर कुणाला कळणार आहे. बोदिलने तिथल्या तिथे नकार दिला, आणि त्याने माफी मागितली. टोवेचा भाग मात्र नवा होता, आणि टोवे विद्यापीठाची नोकर नसल्यामुळे तो पूर्णपणे तिचाच होता. आता विद्यापीठाने ठरवण्याऐवजी विद्यापीठाला तिला विचारावं लागणार होतं.

विभागाच्या बैठकीला टोवे स्वतः आली. कुणी चोरून ही पद्धत वापरली तर आपल्याला कळणार कसं, असं वकिलाने विचारलं. टोवेने उत्तर दिलं की व्हॉल्व्ह आपोआप फिरवणारी पेटी प्रत्येक तळघरात भिंतीवर बसवावी लागेल, आणि भिंतीवरची पेटी लपत नाही. मग तिने अट घातली. चढणारा सूर दूर अंतरावर किती भरवशाचा आहे हे तिला माहीत नव्हतं, म्हणून आक्सेलने तिच्याबरोबर ते मोजून काढावं, आणि अर्ज दोघांच्या नावाने व्हावा.

अर्ज झाला. विद्यापीठाने आक्सेलचा वाटा घेतला, टोवेने आपला स्वतःकडे ठेवला, आणि मीटरवाल्या कंपनीने दोन्ही मागितले.

त्या वसंतात आक्सेल शहरभरच्या तळघरांत मायक्रोफोन घेऊन फिरत होता. टोवे जिन्यावर बसून डोळे मिटून ऐकायची आणि यंत्रावर आकडा उमटायच्या आत आपला अंदाज सांगायची. तिचे अंदाज दोनदा चुकले. तिसऱ्यांदा चुकला तेव्हा तिने आक्सेलला यंत्र बाजूला ठेवायला सांगितलं आणि दोघं नळीला कान लावून बसले. व्हॉल्व्ह बंद होताना या घरातला सूर चढायच्या ऐवजी उतरत होता, आणि का ते दोघांनाही समजेना. टोवेने व्हॉल्व्ह पूर्ण उघडला आणि पहिल्यापासून पुन्हा हळूहळू बंद करायला घेतला.