आधी मशीन बंद करा

जुनी पाटी साहेबांनी स्वतः रचलेली होती. 'कार्यरत यंत्राच्या अंतर्भागात हस्तक्षेप करण्यास सक्त मनाई आहे.' ती वाचून होईपर्यंत पाळी संपते, असं खोक्यांच्या कारखान्यातले लोक म्हणायचे. गावात पाट्या रंगवणाऱ्या ताईचा धाकटा भाऊ तिथेच रोलरवर कामाला होता. अंगाने आडदांड, म्हणून सगळे त्याला बारक्या म्हणत. त्याच्या काळजीपोटी तिनेच साहेबांच्या मागे लकडा लावला आणि नवी पाटी रंगवून दिली. पिवळ्यावर काळी, दारातून दिसतील एवढी अक्षरं: 'आधी मशीन बंद करा. मगच हात घाला.'

"वा, ताई! आंधळ्यालाही कळेल," साहेब खूश झाले.

बारक्या मात्र हसला. "ताई, बंद कोण करणार गं? मशीन थांबलं की खळ वाळते. मग अख्खी पाळी रोलर खरवडत बसा, वर साहेबांची बोलणी खा. अडकलेला पुठ्ठा आम्ही चालू मशीनमधूनच ओढतो. नवीन माणसाला पहिलं तेच शिकवतात."

"तू नको ओढूस."

"बरं, आईसाहेब."

त्याने ओढला. उजवा हात मनगटापासून गेला.

तो दवाखान्यातून घरी आल्यावर ती साहेबांकडे गेली. दुसरं काही नको, त्याला बसून करायचं काम तरी द्या, एवढंच तिचं म्हणणं. साहेबांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि काचेतून खाली रोलरकडे बोट दाखवलं.

"पाटी तुमचीच ना? याहून सोपं कसं सांगायचं माणसाला? चौकशीवालेही तेच म्हणाले. सूचना स्वच्छ होती, चूक कामगाराची. जुनी पाटी असती तर म्हणता आलं असतं, बिचाऱ्याला कळली नाही. आता मी तरी काय करू?"

"पण मशीन बंद केलं की तुम्हीच ओरडता."

"असं कुठे लिहिलंय, ताई?"

तेवढ्यात खाली पुठ्ठा अडकला. बारक्याच्या जागी आलेल्या माणसाने चालू रोलरमध्ये हात घातला आणि पुठ्ठा ओढून काढला. साहेबांनी बघितलं. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "सगळ्याच मशीनवर अशी पाटी लावायची आहे. द्याल ना करून?"

घरात कमावणारी आता ती एकटीच. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणून बाहेर पडली.

घरी पत्र्यावर रंग चढवताना तिने ठरवलं होतं, अक्षरं अशी गिचमिड काढायची की कुणाला लागू नयेत. पण इतक्या वर्षांचा वळणदार हात, तो काही ऐकेना. बारक्या शेजारी बसून डाव्या हाताने पत्रा धरत होता.

"खाली एक ओळ टाक ना," तो म्हणाला. "'बंद केल्यास शिव्या मिळतील.'"

तिला हसू आलं, आणि आल्याचा रागही आला.

"जागा नाही रे."

"एवढी सोडलीयस की."

"ती कंपनीच्या नावाची आहे."