कोंडीबांच्या वडापचा शाफ्ट

मी जीपच्या पोटाखालून बोलतोय. मी शाफ्ट, गिअरबॉक्स आणि मागची चाकं यांना जोडणारा लोखंडी दांडा. इंजिन पुढं कितीही गुरगुरलं तरी त्याचं बळ चाकांपर्यंत मीच पोचवतो. जीपमध्ये बसणाऱ्यांना मात्र माझं नावही ठाऊक नसतं.

जन्माचं मला फारसं आठवत नाही. भट्टीची धग तेवढी आठवते. कळता झालो तो कोंडीबांच्या जीपखाली. मेढा ते सातारा वडाप चालायचं, म्हणजे माणसं भरली की गाडी सुटायची. आत माणसं दाटीवाटीनं, टपावर तांदळाची पोती, एखाद्या खुराड्यात कोंबड्या. दर रविवारी कोंडीबा खाली शिरायचे, माझ्या दोन्ही सांध्यांत ग्रीस भरायचे आणि मला हलवून विचारायचे, "बरा हायस न्हवं, गड्या?"

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. एकच शब्द तीनतीनदा सांगावा लागायचा. शेवटी त्यांनी बोलणंच सोडलं. बोलता येत नव्हतं असं नाही, बोलायचं नव्हतं.

जीप अंगणात उभी राहिली. मेढ्याचे दोन पावसाळे आम्ही तिथंच काढले. माझ्या मागच्या सांध्यातला क्रॉस, म्हणजे सांधा फिरता ठेवणारा चौफुलीसारखा तुकडा, गंजून झिजला. कोंडीबा ओट्यावर बसून दिवसभर आमच्याकडं बघायचे. त्यांच्या पत्नीला, लीलाबाईंना, ते बघवेना.

"गाडी नजरंआड झाली तर ह्यास्नी जरा बरं वाटंल," त्या सुनेला म्हणाल्या. "सोमवारी भंगारवाला येतोय."

सून दीपमाला. नवरा फौजेत, लांब सीमेवर. तिला गाडी चालवायला कोंडीबांनीच शिकवलं होतं. शनिवारी ती साताऱ्याहून नवा क्रॉस आणि नवी बॅटरी घेऊन आली.

"आत्याबाई, मला रविवारचा दिवस द्या. न्हाई जमलं तर खुशाल इका."

रविवारी सकाळी ती पोतं अंथरून माझ्याखाली आडवी झाली. मोबाइलवर बघून शिकली होती. माझ्या जोडावर तिनं लाल नेलपॉलिशची रेघ ओढली, म्हणजे बसवताना मी होतो तसाच बसेन. मग पान्यानं मागचे बोल्ट सोडायला घेतले. एक निघाला. दुसरा निघाला. तिसरा तिनं हातोडीनं ठोकून सोडवला.

अंगण उतरतं होतं. हँडब्रेकची वायर कधीच तुटलेली. जीप केवळ गिअरवर उभी होती, आणि गिअर चाकांना धरून ठेवतो तो माझ्यामार्फत. मी सुटलो की जीप मोकळी, आणि तिच्याखाली ही पोर. मी ओरडलो असतो, पण लोखंडाला आवाज कुठला?

ओट्यावरून कोंडीबांनी मागच्या चाकाकडं पाहिलं. त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं.

"द... दउड!"

"काय मामा?" दीपमाला खालून म्हणाली. पाना चौथ्या बोल्टवर होता.

"दगुड! चाकामागं दगुड!"

ते थांबले नाहीत. काठी टाकून ओट्यावरून घसरत खाली आले, बसल्या बसल्या सरकत कोपऱ्यातला धोंडा डाव्या हातानं ओढला आणि चाकामागं लावला. तेवढ्यात चौथा बोल्ट निघाला. जीप बोटभर मागं सरली आणि धोंड्यावर टेकली.

खालून दीपमालाचा रडका आवाज आला, "मामा, तुमी बोललासा!"

"मगाधरनं वराडतोय," कोंडीबा धापा टाकत म्हणाले. "भैरी हायस का?"

ती हसत हसत रडली. आवाज ऐकून लीलाबाई दारात धावत आल्या.

त्यानंतर दुपारपर्यंत कोंडीबांची जीभ काही थांबली नाही. दुसऱ्या बाजूलाबी दगुड लाव. वाटीचं लॉक आदी काड. वाटीला सरळ ठोक, वाकडी बसंल. अर्धे शब्द मोडके होते, पण दीपमाला पुन्हा विचारायची आणि ते पुन्हा सांगायचे. क्रॉसच्या टोकांवरच्या चारही जीर्ण वाट्या निघाल्या, नवा क्रॉस बसला, लाल रेघेला लाल रेघ जुळली. मी परत माझ्या जागी गेलो.

सोमवारी सकाळी आम्ही निघायच्या बेतात होतो. कोंडीबा पुढच्या सीटवर, दीपमाला स्टिअरिंगवर. इतक्यात भंगारवाला टेम्पो घेऊन दारात आला.

"गाडी..." कोंडीबांनी सुरुवात केली आणि शब्द अडला.

"आवं, ह्ये म्हनत्यात की..." लीलाबाई पुढं झाल्या. कोंडीबांनी डावा हात वर केला. त्या गप्प झाल्या. दीपमालानं इंजिन बंद केलं, म्हणजे त्यांचं ऐकू यावं. मी खाली निश्चल होतो. भंगारवालाही थांबला.

"गाडी... इ...कायची... न्हाई."

वेळ लागला, पण वाक्य पुरं झालं, आणि ते त्यांचंच होतं.

वडाप पुन्हा सुरू झालंय. आता माझं वय झालंय. कधीतरी माझ्या जागी नवा शाफ्ट येईल, त्याचं मला दुःख नाही. जाण्याआधी तुमच्याकडं एकच मागणं आहे. तुमच्या घरात कुणाची जीभ अडखळत असेल तर त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. तुमचं इंजिन घटकाभर बंद करा आणि थांबा.

दीपमालानं चावी फिरवलीय. चला, साताऱ्याला जाणारी माणसं खोळंबली असतील.