चिंधी नको म्हणणारा तराजू

मित्रांनो, हल्ली फूलबाजारात लाल आकडे दाखवणारे विजेचे काटे आलेत. तरी नवसाबाईच्या दुकानात खिळ्याला टांगलेला जुना पितळी तराजू दिसला, तर तो मीच. उचलून धरलंत तर अजून खरं बोलतो. ते ऐकून गिऱ्हाइकापेक्षा विकणाराच जास्त घाबरतो.

मखमलाबादच्या मळ्यातला झेंडू आणि शेवंती मी नाशकात तोलली. फुलं तोलता तोलता माणसंही तोलली. देवासाठी म्हणून घासाघीस करणारे भाविक, आणि ओली फुलं वजनात भरतात म्हणून मनमोकळेपणाने पाणी शिंपडणारे आमचे शेजारी निवृत्तीभाऊ, सगळ्यांचा हिशेब माझ्याकडे आहे.

ब्याण्णव साली मी टेम्पोतून पडलो. दांडी वाकली. पारडी रिकामी असतानाच एक बाजू खाली जाऊ लागली. नवसाबाईचा नवरा बहिरू म्हणाला, "वरच्या पारड्याला चिंधी बांध. सरळ दिसला म्हंजे झालं." बाजारात हा उपाय सर्रास चालतो. पण त्याच्या थोरल्या लेकराने मला पोटाशी धरलं. "नाय. रिकामा सरळ दिसंल, भरला की खोटं बोलंल." आणि कारागिराकडे नेऊन माझी दांडी नीट करून आणली. त्या कारागिराने माझ्या बापाची परवानगी मागितली नाही, हे लक्षात ठेवा.

त्या लेकराला घरचे जीवन म्हणत. ती स्वतःला उज्वला म्हणे. आधी फक्त माझ्यापाशी, मग आईपाशी, मग उघड.

दोन हजार तीन साली उज्वला एकोणतीस वर्षांची होती. बाई म्हणून जगायचं तर शरीरही बाईचं हवं, म्हणून तिला शस्त्रक्रिया करून घ्यायची होती. बरेच डॉक्टर दारातूनच परत पाठवत. कोणीतरी गुपचूप कापणाऱ्याचा पत्ता दिला. ती म्हणाली, "चोरून कशाला? मी काय चोरी केली?" शेवटी एक सर्जन तयार झाले. मनोविकारतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या तिने आणून दिल्या. मग ते म्हणाले, आता वडिलांची सही आणा.

बहिरूने सही तर केली नाहीच, उलट तिच्यासाठी देवळा गावची एक मुलगी बघून आला. "लगीन झालं की येईल ताळ्यावर." नवसाबाईनेही मान डोलावली.

दुसऱ्या सकाळी दुकानात उज्वलाने जुन्या साडीची चिंधी फाडली आणि माझ्या पारड्याला करकचून बांधली.

"काढ ती!" नवसाबाई ओरडली. "गिऱ्हाइकाला फसवती का?"

"पाव किलो शेवंतीत फसवायचं नाय. आन् देवळ्याच्या पोरीला जन्मभर फसवायचं? दिसायला सरळ दिसलं म्हंजे झालं ना, आई?"

नवसाबाईने माझ्याकडे पाहिलं. मग तिने ती गाठ दातांनी सोडवली, फुलांवर ओलं फडकं टाकलं, मला पाटीत ठेवलं आणि म्हणाली, "चल. कुठंय तुझा डॉक्टर?"

दवाखान्यातलं बोलणं मी टेबलाशेजारच्या पाटीतून ऐकलं.

"वडील नाही आले?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाय," नवसाबाई म्हणाली. "गेल्या साली त्यांचा हर्निया कापला. तवा त्यांच्या बापाची सही कुणी मागितली नाय."

"आजी, हे वेगळं आहे. उद्या कोणी तक्रार केली तर?"

"आजी नगा म्हणू. हिच्याकडून नातवंड व्हणार नाय, ते म्या सोसलं. तुम्हाला एक सही नाय सोसत?"

उज्वला म्हणाली, "अंग माझं, सही माझी. आई साक्षीदार."

डॉक्टरांनी पेन उचललं, वडिलांच्या संमतीच्या ओळीवर काट मारली आणि तारीख दिली. नवसाबाईने साक्षीदार म्हणून अंगठा उठवला. झेंडूने पिवळी झालेली बोटं, ठसाही तसाच उठला.

शस्त्रक्रिया झाली. घरी बरेच दिवस पडून राहून उज्वला पुन्हा दुकानात आली, तेव्हा निवृत्तीभाऊ सगळ्यांना ऐकू जाईल असे ओरडले, "काय रे जीवन, कुठं गायब झाला व्हता?"

तिने मला खिळ्यावरून काढलं, दोन्ही पारडी रिकामी ठेवून सगळ्या बाजारासमोर उचलून धरलं.

"उज्वला म्हणायचं, भाऊ. आमच्या घरात चिंधी बांधत नाय. तुमचा काटा बघू जरा?"

बाजार हसला. निवृत्तीभाऊंना अचानक चहा आठवला.

तर मित्रांनो, मला चिंचेने घासा, नाहीतर खिळ्यावर धूळ खाऊ द्या, माझी तक्रार नाही. पण मला किंवा माझ्या माणसांना सरळ दाखवायला कोणी चिंधी घेऊन आलं, तर आमच्याकडे दातांनी गाठ सोडणारी एक बाई आहे, एवढं त्याला सांगून ठेवा.