कॅप्टनचं नाव

‘ध्रुवनौका’ या गेमचा चौथा आणि शेवटचा भाग सुरू झाला, तेव्हा यानाचे खलाशी टीव्हीतून उतरून मैथिलीच्या हॉलमध्ये आले आणि तिला ओलांडून थेट तिच्या नवऱ्याच्या पाया पडले.

आता चूक कुणाची म्हणाल, तर कुकरची. आधीचे तिन्ही भाग मैथिलीने एकटीने खेळले होते. हृषी तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीत पेपर वाचत बसायचा आणि मान वर न करता विचारायचा, “अजून मेले नाहीत का तुझे निळे लोक?” आज तीच त्याला म्हणाली, “तू नुसता सुरू करून ठेव, मी कुकर बंद करून आले.” तेवढ्यात गेमने विचारलं, कॅप्टनचं नाव? या गृहस्थाने आपलं टाकलं. दुसरं कुणाचं टाकणार म्हणा!

“कॅप्टन हृषी, किती वाट पाहायला लावलीत,” निळी डॉक्टर इल्मा म्हणाली. तिच्या गालावर व्रण होता. दुसऱ्या भागात ती जखम मैथिलीने शिवली होती, स्वतः रडत रडत.

“इल्मा, अगं मी!”

“वहिनी, जरा टीव्हीसमोरून सरकता का?” इल्मा म्हणाली.

मैथिलीच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात कुणी ‘कॅप्टन’ म्हटलं की हॉल एका फरशीने लांब व्हायचा. चार हातांचा गोरम तर भलताच बोलका. जेवणाची वेळ होईपर्यंत सगळे त्या टोकाला आणि ही स्वयंपाकघराच्या दाराशी. पोळ्या वाढायला जाताना तिला धाप लागली. गोरमला पोळीवर जास्त तूप लागतं, हे घरात तिला एकटीलाच ठाऊक होतं, म्हणून तिने ते वाढलं. गोरम गहिवरला आणि हृषीला म्हणाला, “कॅप्टन, तुमच्या बरं लक्षात राहिलं हो!”

“अरे, हे सगळं हिचं आहे,” हृषी म्हणाला. बिचारा तसा वाईट नव्हता. पण खलाशांनी लावलेली कॅप्टनची पट्टी त्याच्या खांद्यावर छान शोभत होती, आणि मैथिलीचं पोट नेमकं त्यानेच दुखत होतं.

गेमचा शेवट तिला मुळात नकोच होता. व्हायचाच असेल, तर निदान तिच्या हातून व्हावा.

जेवणं झाल्यावर इल्माने यानाची कळ सोफ्यामागे बसवली. यान सुटायला हवं असेल तर कॅप्टनने ती दाबून धरायची आणि मागे राहून मरायचं, असा शेवट होता.

“मी थांबते!” मैथिली ओरडत धावली.

“वहिनी, तुमचं थांबणं धरता येणार नाही,” इल्मा म्हणाली. “तुम्ही आमच्या कुणीच नाही.”

हृषी उठला. सगळे हुंदके देऊ लागले. गोरम चारही हातांनी डोळे पुसत होता. हृषी मरेल याची मैथिलीला भीती वाटली, खोटं कशाला सांगा. पण हे सगळे त्याच्यासाठी रडताहेत, हे तिला त्याहून सोसेना.

गेममध्ये नाव कुठे बदलायचं ते तिला पाठ होतं. तिने त्याचं पुसलं आणि आपलं लिहिलं.

“कॅप्टन मैथिली!” इल्मा तिच्या गळ्यात पडली. पट्टी तिच्या खांद्यावर आली. आता सगळे तिच्यासाठी रडू लागले, अगदी मनासारखे, आणि हॉल लांबतच गेला. त्या टोकाला, स्वयंपाकघराच्या दाराशी, हृषी खुर्चीत बसलेला तिला जेमतेम दिसला.

“हृषी, इकडे बघ ना!” तिने हाक मारली आणि कळेवर हात ठेवला.

पेपरचं पान उलटलं.

“अजून मेले नाहीत का तुझे निळे लोक?”