डावा गाल, डावा कान

गाल माझा, तरी तीन वर्षं मीच त्याला भिऊन होते. वारा लागला, घास चावला, की डाव्या गालातून वीज जायची. दोन चांगल्या दाढा उपटून झाल्या आणि मग कळलं, दुखणं दातांचं नव्हेच, चेहऱ्याच्या नसेचं.

मी वीणा शिकवते, वीणेचे पडदेही स्वतःच बसवते. ऊन मेणात एकेक पितळी पडदा सरकवायचा, तार छेडायची आणि गाल दांडीला टेकवून ऐकायचं. कान फसतो, हाड फसत नाही, असं आमचे बाबा म्हणत. पहाटे डोळा लागला की स्वप्नात तेच. मेण वितळतंय, पडदे कालव्याच्या पाण्यावरून हळूहळू वाहत चाललेत, आणि मी एकेकाला गाल लावून ओळखतेय. कुठेच दुखत नाही. जाग आली की रडू यायचं.

गोळ्या लागू पडेनात, तेव्हा आमच्याच राजवाड्यामागच्या गल्लीतल्या डॉक्टर श्रीविद्याकडे आम्ही दोघं गेलो.

"मामी, गालातून सुई घालून नस जाळता येते. लगेच घरी, पण गाल बधिर होईल. नाहीतर कानामागे कवटी उघडायची, नसेवर दाबणारी रक्तवाहिनी सोडवून मध्ये बारीकशी गादी ठेवायची. गाल बहुधा शाबूत राहतो. क्वचित त्या बाजूचा कान जातो."

"वा! आगीतून फुफाट्यात!" मी फणकारले.

"सुईच बरी," आमचे हे, हरिप्रसाद, पुटपुटले. "डोकं उघडायचं म्हणजे काय खेळ आहे?"

"तुम्हाला काय! तुमचा गाल नुसता दाढीपुरता!"

एका कानानं शिकवता येईल, मेल्या गालानं सूर कसा शोधू? कवटी उघडा म्हटलं. भीती तर इतकी वाटत होती की सही वाकडी आली.

भूल चढली तशी मी कोमट पाण्यात उतरत गेले. कुणीतरी दूर खर्जाची तार लावत होतं. ती लागेपर्यंत थांबावंसं वाटलं.

जागी झाले तर दुखत नव्हतं. हे डावीकडे बसले होते. तीन वर्षांत त्या गालाला बोट लावायची त्यांची छाती झाली नव्हती. आता भीत भीत तळहात ठेवला. ऊब कळली, बोटांचा कंपही कळला. मग वाकून ते कानात काहीतरी बोलले. श्वास लागला. शब्द आले नाहीत.

"अहो, उजवीकडे या. परत सांगा."

ते उठून इकडे आले, लाजले. "दोनदा नाही जमायचं मला, भुवना."

"तीस वर्षांत एकदा बोललात, ते या मेल्या कानात!" मी म्हटलं आणि ढसाढसा रडले.