मांडीवरचा वरवंटा

मी वरवंटा बोलतोय. पाट्यावर मिरच्या रगडणारा, काळाकुट्ट, लांबट, दोन्ही टोकांना गुळगुळीत. हसायचं तर खुशाल हसा, पण काटेवाडीच्या आमच्या घरात जन्मलेलं एकूण एक पोर माझ्यानंतर पाळण्यात निजलंय, एवढं आधी ऐकून घ्या.

आपल्याकडं बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याचा मान. मला न्हाऊ घालतात, हळदकुंकू लावतात, कुंची चढवतात, आणि बाया ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ करत पाळण्याच्या वरून-खालून मला फिरवतात. पोर दगडासारखं टणक व्हावं, म्हणून. सगळा जन्म लसूण-मिरचीत जातो हो माझा. मग एखादा दिवस लाडोबा झालो तर कुणाचं काय बिघडलं?

पाथरवटानं मला घडवलं आणि बारामतीच्या बाजारात मांडलं. तिथं नवी नवरी ठमाबाई सासूबरोबर आली. तिनं मला दोन्ही हातांवर तोललं आणि नकळत जरासं जोजवलं. “दगड हाय तो, पोर न्हवं,” सासू म्हणाली. ठमाबाई लाजून लालेलाल झाली, पण मला खाली काही ठेवलं नाही.

पुढं तिला महिपती झाला, त्याच्या पाठीवर कौसल्या झाली. पोरांना सर्दी झाली की ती माझ्याखाली वेखंड ठेचायची, पोट दुखलं की ओवा. घरात भाकरीला कोरड्यास कमी पडलं तर सगळ्यांना वाढून झाल्यावर पाट्याला लागलेली चटणी भाकरीनं पुसून खायची आणि वर म्हणायची, खरी चव हितंच असती. पोरांना ते खरंच वाटायचं. मग तीही पाट्याभोवती जमायची, आणि ठमाबाईच्या वाट्याची तेवढी चटणीही जायची. तरी बाई खूश.

कौसल्या लासुर्ण्याला दिली. तिची सासू शकुबाई म्हणजे बाभळीचं लाकूड. एका लग्नात पंगतीला पापड वाढायचा राहिला, तर ही जेवण सोडून गाडीत जाऊन बसली होती. कौसल्येला नऊ वर्षं मूल झालं नाही, आणि नऊ वर्षं शकुबाईच्या तोंडी एकच शब्द होता. येता-जाता म्हणायची, दगड पदरात पडलाय आमच्या. तो निरोप काटेवाडीला पोचला की ठमाबाई पाट्याशी येऊन बसायची. त्या दिवशीची चटणी गंधासारखी मऊ व्हायची.

आणि मग साल चौतीसच्या सुगीत कौसल्येला दिवस गेले. माहेरी बाळंत झाली, मुलगा झाला. ठमाबाई जी नाचायला लागली ती थांबेचना. गल्लीत गूळ वाटला, कुत्र्यालाही दिला. एका खणात दोन कुंच्या शिवल्या, एक नातवाला आणि एक मला, काठासकट सारख्या. पुढचा सगळा गोंधळ त्या सारख्या कुंच्यांनीच केला.

बारशाला लासुर्ण्याची बैलगाडी आली. शकुबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, दिसायचं ते धुरकट. तिला भिंतीशी घोंगडीवर बसवलं. मला फिरवून झालं, बाळाला पाळण्यात घातलं, नाव ठेवलं झुंबर. आत्याच्या पाठीत बायांनी धपाधप गुद्दे घातले, घुगऱ्यांना हात पुढं झाले, कुणाचं कुणाला ऐकू येईना. तेवढ्यात शकुबाई गरजली, “आणा माझा नातू.”

शेजारची रंगूबाई गाण्याच्या तारेत होती. तिनं समोर दिसलेली कुंची उचलली आणि शकुबाईच्या मांडीवर ठेवली.

कुंचीत मी होतो.

शकुबाईनं मला थोपटलं. “वजनदार हाय,” ती म्हणाली. “आमच्या घराण्यावर गेलाय.”

सगळ्या बाया जागच्या जागी थिजल्या. मग एकेकीचा पदर तोंडात जायला लागला. कुणी खांबाकडं तोंड केलं, कुणाला एकाएकी खोकला आला. कौसल्या मात्र पांढरीफटक पडली. नऊ वर्षं जिनं सुनेला दगड म्हटलं, तिच्या मांडीवर भर बारशात माहेरच्यांनी दगड ठेवला! एक जरी बाई फुटली असती, तरी शकुबाईनं ते मुद्दाम काढलेलं उट्टं समजलं असतं, आणि कौसल्येला जन्मभर भोगावं लागलं असतं.

ठमाबाई पुढं सरकली. “ईनबाई, द्या हिकडं. पाजायची वेळ झाली.”

“ऱ्हाऊ द्या की. गपगुमान पडलंय माझ्यापाशी.” आणि शकुबाईनं काजळाच्या डबीत बोट घातलं. ते माझ्या तोंडावरून वर गेलं, खाली आलं, परत वर गेलं. मी तर श्वासच धरून ठेवला होता. नसलेला श्वास धरून ठेवणं किती कठीण, ते मला विचारा.

“लेकरू रडत कसं न्हाय?” शकुबाईनं विचारलं.

आता संपलं, असं मला वाटलं. इतक्यात पाठीमागून आवाज आला, “ट्याँहा, ट्याँहा!” पाहतो तर काय, केस पिकलेली, चार माणसांत मान असलेली आमची ठमाबाई, पदर तोंडाशी धरून तान्ह्या पोरासारखी रडत होती! रंगूबाई तर सरळ अंगणात पळाली. त्या आवाजानं पाळण्यातला खरा झुंबर जागा झाला आणि त्यानंही सूर लावला.

“लेकरू हितं, आन रडणं तितनं?” शकुबाई म्हणाली.

“घर घुमतंय, ईनबाई. माळवदाचं हाय न्हवं.” एवढं बोलून ठमाबाईनं मला अलगद उचललं, ओलं केलंय म्हणाली, पाळण्यामागं जाऊन मला ठेवलं आणि झुंबरला नेऊन शकुबाईच्या मांडीवर दिलं. त्या गुणी बाळानं आल्या आल्या आजीचं लुगडं भिजवलं.

“आत्ता पटलं,” शकुबाई म्हणाली. “आमचाच हाय.”

मग काय विचारता! हसायला निमित्त मिळालं. बाया अशा हसल्या की घुगऱ्यांची परात कलंडली. शकुबाईही हसली.

पाहुणे गेल्यावर ठमाबाई पाट्याशी बसली आणि मला कुशीत धरून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. पुढं शकुबाईनं सुनेला दगड म्हणणं सोडलं. नातू आला, म्हणून म्हातारी निवळली असंच सगळ्यांना वाटलं.

ठमाबाईनं झुंबरचे लाड लाड म्हणावेत असे केले. तो आला की चटणीत तिखट निम्मं, गूळ दुप्पट. अडतीसच्या उन्हाळ्यात ती गेली. त्या दिवशी पाटा कोरडा होता. मला रडता येत नाही, याचं तेवढं एकदाच वाईट वाटलं. कौसल्येनं माहेराहून दुसरं काही मागितलं नाही. मला लुगड्यात गुंडाळून लासुर्ण्याला आणलं.

यंदा तिला मुलगी झाली. बारशाच्या दिवशी शकुबाई म्हणाली, तो वरवंटा आधी माझ्या मांडीवर द्या. कौसल्या चपापली.

“भितीस कशाला?” शकुबाई म्हणाली. “त्या दिवशी तीट लावाया नाक शोधत व्हते, नाकच घावंना. उठून गाडीतच जाऊन बसणार व्हते. तवर मागनं तुजी आई रडाया लागली. माझं हसं हू नये म्हणून त्या वयात ट्याँहा केलं तिनं. तिच्या लेकीला परत दगड म्हणाया माझी जीभ कशी उचलंल?”

कौसल्या रडायला लागली आणि रडता रडता हसायला लागली. शकुबाईनं मला कुंची घातली, काजळाचं बोट बुडवलं आणि जिथं नाक असायला हवं होतं, नेमकी तिथं तीट लावली. मुलीचं नाव तिनंच सांगितलं, ठमा.

ती तीट दुसऱ्याच दिवशी मिरचीत गेली. जाऊ द्या, काळ्यावर काळं, तशीही दिसत नव्हती. तुमच्या घरी बारसं निघालं, तर आमच्या जातीला दोन घटका मांडीवर घ्या, एवढंच मागणं. आणि कुणी विचारलंच, लेकरू रडत कसं नाही, तर काय करायचं ते नातीच्या बारशाला शकुबाईनं दाखवलं. मला थोपटत ती जरा थांबली, इकडंतिकडं बघितलं, पदर तोंडाशी धरला आणि त्या बोळक्या तोंडातून, भरल्या घरात, आवाज काढला, “ट्याँहा!”